खुंटी

हेक्लाच्या पायथ्याशी थोरकत्लाच्या कुरणात
मातीचा एक तुकडा उभा आहे,
दोन पुरुष उंच, डोक्यावर गवताची टोपी,
भोवती नुसती काळी वाळू.
पूर्वी सगळीच जमीन या उंचीवर होती.
आता एवढीच उरलीय,
पंगत उठली तरी पाटावरून न हललेल्या
एखाद्या हट्टी पाहुण्यासारखी.

उघड्या कडेवरचे थर ती बोट ठेवून वाचते.
ही फिकट रेघ, अकराशे चार सालची राख.
ही काळी, कत्ला डोंगराची.
त्याच्याच नावाची मी, म्हणून रागीट, असं आई म्हणायची.
आणि मधलं हे तपकिरी
म्हणजे गवत. उगवलेलं, वाळलेलं, पुन्हा उगवलेलं,
शंभर वर्षांत जेमतेम चार बोटं.
वाऱ्याला एक रात्र पुरते.

वडिलांनी, इल्लुगीने, माथ्यावर लोखंडी खुंटी ठोकली होती,
कडेपासून अठ्ठावीस गाठींवर.
दर शरदात मेंढ्या डोंगरावरून उतरल्या
की गाठी मारलेली दोरी घेऊन तो वर चढायचा.
वहीत डावीकडे मेंढ्या, उजवीकडे गाठी.
दोनशे दहा, सव्वीस.
दोनशे चाळीस, बावीस.
तीनशे पाच, चौदा.
एकाच पानावर, एकाच पेन्सिलीने,
आणि या रकान्यातून त्या रकान्यात
त्याची नजर कधी गेली नाही.
किंवा गेली असेल.
शेवटच्या पानांवर पेन्सिल फार दाबलेली आहे.

तो गेल्यावर मेंढ्या निम्म्या केल्या थोरकत्लाने,
तारेचं कुंपण घातलं.
भाऊ ह्रेग्विदुर दारात उभा राहून ओरडला,
मग खायचं काय, राख?
तिने त्याला कॉफी दिली.

मग फावडं घेऊन ती त्या कडेवरच तुटून पडली.
गावाला वाटलं, हिचं डोकं फिरलं.
पण सरळ उभी कड टिकत नाही.
रात्री तिच्यात बर्फाच्या सुया उगवतात,
कण कण पुढे ढकलतात,
दुपारी वितळून सोडून देतात.
तिला आधी मोडावं लागतं, उतार द्यावा लागतो,
वाऱ्याला धरायला कोपरा ठेवायचा नाही.
वडिलांच्या अठ्ठावीसमधल्या उरलेल्या अकरा गाठी,
त्यातल्या दोन तिने स्वतःच्या हाताने पाडल्या.
त्या रात्री जेवली नाही.

उतारावर अंथरलं काय?
दोन हिवाळे भिजून काळं पडलेलं गवत,
शेणाने माखलेली, कुणी न घेणारी लोकर,
मासळीच्या काट्यांची भुकटी,
मेलेल्या घोडीच्या खोगिराखालचं जुनं नमदं.
अंथरता अंथरता ती पुटपुटायची,
होऊ दे, सगळ्याची माती होऊ दे.
पहिल्या वर्षी निम्मं वाऱ्याने नेलं.
दुसऱ्या वर्षी तिने वर दगड ठेवले.
तिसऱ्या वर्षी लोकरीतून
काहीतरी हिरवं वर आलं, दातकोरणीएवढं,
तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

सहाव्या शरदात ह्रेग्विदुर स्वतःहून माथ्यावर चढला.
खुंटी हलवून पाहिली, दोन्ही हातांनी.
दोरी लावली. नऊ.
गेल्या साली?
नऊ.
पुन्हा मोजली, जीभ दातांत धरून,
लहानपणी करायचा तशी.
ओलीने दोरी आखडली असेल, म्हणाला.
असेल, ती म्हणाली.

खाली उतरून तो बराच वेळ गाडीपाशी घुटमळला.
संध्याकाळी कुंपणाच्या फाटकाशी
खराब लोकरीची तीन पोती होती,
तोंडं सुतळीने आवळलेली,
त्याच्या त्या न सुटणाऱ्या गाठीने.
तिला सुरी आणायला घरात जावं लागलं.